आजोबांचं वेब्ली डुगडुगतंय: झिजलंय की नुसतं मळलंय?

सह्यखिंड (कुडाळ) | २३ ऑगस्ट, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

आजोबांनी १९५८ साली वेब्ली अँड स्कॉटचं मार्क ४ रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. .३२ बोअर, सिलिंडरमध्ये सहा काडतुसांची सहा घरं असलेलं, नळी मोडून (बिजागरीवर खाली वाकवून) उघडणारं. आजोबांनंतर ते बाबांकडे आलं. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर व्हायला वेळ लागला, तोवर हत्यार डीलरकडे जमा होतं. गेल्या महिन्यात घरी आलं. शेवटचा बार कधी काढला ते आईलाही आठवत नाही, वीसेक वर्षं सहज झाली असतील.

आता अडचण सांगतो. घोडा सावकाश मागे ओढला की कधी सिलिंडर जागेवर बसतं, कधी थोडं अलीकडेच थांबतं. फिरताना एका ठिकाणी जड लागतं. आणि सगळं बंद असताना बोटांत धरून हलवलं की सिलिंडर डुगडुगतं. डीलरने हातात घेऊन दोनदा खाडखाड केलं आणि म्हणाला, "सगळं झिजलंय, आता भंगार. मला द्या, मी बघतो काय करायचं ते."

विकायचं माझ्या मनात नाही. आजोबा दर दसऱ्याला ते पाटावर ठेवून पूजा करायचे, मी शेजारी बसायचो. पण धोक्याचं असेल तर त्यात काडतूस घालायचं नाही एवढं मला कळतं. ते खरंच झिजलंय का, आणि झिजलं असेल तर नेमकं कुठे, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

---

खडकीकर_आर्मरर | २३ ऑगस्ट, रात्री ११:१५

ईएमईत (सैन्याच्या यंत्रदुरुस्ती विभागात) आर्मरर म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा म्हणून छत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची खडकीला. वेब्ली आणि एनफिल्ड दोन्ही हाताखालून गेली आहेत, म्हणून लिहितो.

आधी हे करा. रिव्हॉल्व्हर उघडा, सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपून पाहा. काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवून या. मगच पुढचं वाचा. दर वेळी हातात घेताना हेच करायचं, पाच मिनिटांपूर्वी बघितलं असलं तरी.

आता तुमच्या प्रश्नाकडे. "डुगडुगतं" या एका शब्दात तीन वेगळे रोग असतात आणि तिघांचं औषध वेगळं. सिलिंडर गोल फिरण्याच्या दिशेने हलतंय? की नळीकडे आणि मागे असं सरकतंय? की सिलिंडर ठीक आहे आणि नळीच फ्रेमवर बिजागरीपाशी हलतेय? वेब्ली मधून मोडतं, त्यामुळे हा तिसरा प्रकार त्यात हमखास तपासावा लागतो. हे तिन्ही वेगवेगळं पाहून सांगा.

गोल हालचालीबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे उगाच घाबरायला नको. वेब्लीत घोडा खाली असताना सिलिंडर थोडं हलतंच, बनावटच तशी आहे. बघायचं ते वेगळं. घोडा अंगठ्याने पकडून ठेवा, चाप पूर्ण दाबा, घोडा सावकाश खाली सोडा, पण चाप सोडू नका. गोळी सुटते त्या क्षणी यंत्र याच अवस्थेत असतं. आता सिलिंडर फिरवून पाहा. इथे ते जवळजवळ मुकं बसलं पाहिजे.

घोडा रिकाम्या घरावर खाडखाड आपटू नका. डीलरने आपटला तेच मला आवडलं नाही. घोड्याची चोच, म्हणजे काडतुसावर आपटणारं टोक, साठ-पासष्ट वर्षं जुनी आहे, तुटली तर बाजारात मिळणार नाही.

---

नेमबाज_सांगली | २४ ऑगस्ट, सकाळी ७:०५

खडकीकर काकांनी सांगितलेलं करण्याआधी एक विचारू का? इतकी वर्षं हत्याराला तेल कोणतं लावत होतात? आमच्याकडे माझ्या सासऱ्यांच्या रिव्हॉल्व्हरचं अगदी असंच झालं होतं. सगळे म्हणाले झिजलं. उघडलं तर आत खोबरेल तेलाचा पिवळा चिकट थर. थंडीत तो थिजायचा आणि घोडा अर्ध्यात रेंगाळायचा. शिलाई मशिनचं तेलसुद्धा वर्षानुवर्षं वर वर ओतत गेलं की आत धूळ धरून डिंकासारखं होतं.

आणि ते ठेवलं होतं कशात? कातडी म्यानात असेल तर आजच बाहेर काढा. कमावलेल्या कातड्यात आम्ल आणि क्षार राहतात, शिवाय ते ओल धरून ठेवतं. कोकणातल्या पावसात तर विचारूच नका.

---

सह्यखिंड (कुडाळ) | २४ ऑगस्ट, रात्री ८:३०

ताई, खोबरेल तेलच. आणि म्यान कातडीच. वाचताना अंगावर काटा आला.

काका, सांगितल्याप्रमाणे केलं. चाप दाबून धरल्यावर सिलिंडर गोल दिशेने हलत नाही म्हटलं तरी चालेल, किंचित, केसभर. नळीकडे-मागे मात्र स्पष्ट सरकतं, टकटक आवाज येतो. बिजागरीपाशी नळी डावी-उजवीकडे हलत नाही. नळी फ्रेमला अडकवणारी वरची खिट्टी लागलेली असताना नळी वर-खाली अगदी थोडी हलते, बोटाला कळते, डोळ्याला दिसत नाही.

---

खडकीकर_आर्मरर | २४ ऑगस्ट, रात्री १०:५०

छान, नीट पाहिलंत. आता थोडं विस्ताराने लिहितो, इतरांनाही उपयोग होईल.

रिव्हॉल्व्हर हे मुळात घड्याळासारखं यंत्र आहे. घोडा किंवा चाप मागे जातो तेव्हा आतली एक छोटी पट्टी वर सरकते आणि सिलिंडरच्या मागच्या दात्यांना ढकलते. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये जी कुत्री असतात, तीच जात. आम्ही वर्कशॉपात हिला कुत्राच म्हणायचो. कुत्र्याने सिलिंडर एक घर पुढे नेलं की खालून खिट्टी वर येऊन सिलिंडरच्या खाचेत बसते. घर नळीच्या बरोबर समोर आलं, खिट्टी बसली, मग घोडा पडला. हा क्रम चुकला आणि घर नळीसमोर येण्याआधीच बार झाला, तर गोळी नळीच्या तोंडाला घासून शिरते. शिशाचे कपचे बाजूने उडतात. शेजारी उभ्या माणसाच्या गालाला लागतात. म्हणून "थोडं अलीकडेच थांबतं" या तुमच्या वाक्याने मला सगळ्यात जास्त काळजी वाटली.

ते तपासायची रीत अशी. सहा घरांना १ ते ६ खुणा करा, नेलपॉलिशचे ठिपके चालतील. घोडा अगदी सावकाश ओढा. सावकाश म्हणजे किती, तर मनात पाच मोजेपर्यंत. दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला नुसतं टेकवून ठेवा, किंचित विरोध होईल इतकंच. घोडा पूर्ण मागे अडकला त्या क्षणी खिट्टी खाचेत बसली का? बसली नसेल तर सिलिंडर पुढे ढकलून पाहा, "टक" करून बसेल. असं प्रत्येक घराचं तीनदा करा आणि लिहून ठेवा.

सावकाश का, तर वेग असला की चूक झाकली जाते. घोडा झटकन ओढला की सिलिंडरला गती येते आणि उरलेलं अंतर ते स्वतःच्या जडपणाने कापतं. दुकानात खाडखाड करून बघणाऱ्याला म्हणूनच काहीही कळत नाही.

आता लिहिलेल्या कागदावरून निदान. सहाही घरं मागे राहत असतील तर कुत्रा झिजलाय. एकच किंवा दोनच घरं मागे राहत असतील तर कुत्रा ठीक आहे, त्या घरांचे दाते झिजलेत. कारण कुत्रा एकच आहे, तो सहा जणांना ढकलतो. दाते मात्र सहा आहेत. हाच हिशोब जडपणालाही लावा. पूर्ण फेरीत एकदाच जड लागत असेल तर सिलिंडरचं काहीतरी: कचरा, आसाचा वाकडेपणा किंवा मागची चांदणी एका बाजूने उचललेली. प्रत्येक घराला जड लागत असेल तर फ्रेमच्या आतलं काहीतरी.

चांदणी म्हणजे उघडताना काडतुसं उचलून बाहेर टाकणारा तो ताऱ्याच्या आकाराचा भाग. तिच्याखाली जळक्या बारुदाचा एक कण अडकला तरी ती केसभर वर राहते आणि मागच्या फ्रेमला घासते. माझ्याकडे "झिजलंय" म्हणून आलेल्या किती हत्यारांना मी फक्त दात घासायच्या ब्रशने बरं केलं असेल! म्हणून आधी साफसफाई, मग मोजमाप. चांदणी उचलून तिच्याखालून ब्रश फिरवा, तिच्या खाली तेल मात्र ठेवू नका, कोरडी ठेवा. बाकी चिकटा रॉकेलने काढता येतो. त्यानंतर सगळं पुसून चांगलं पातळ गन ऑइल, तेही एक-दोन थेंबच.

बाजूचं कव्हर, स्प्रिंगा, आतले भाग खोलू नका.

आणखी एक करा. मोटारसायकलच्या गॅरेजात टॅपेट मोजायचं फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा संच) असतं, ते आणा. सिलिंडर आणि नळीच्या मधली फट दोनदा मोजायची. एकदा सिलिंडर बोटाने पुढे दाबून, एकदा मागे दाबून. दोन्हीतला फरक म्हणजे तुमची ती टकटक.

---

ऑस्टिनकर | २५ ऑगस्ट, पहाटे ५:२०

टेक्सासमधून. मी जुनी कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन वापरतो, वेब्ली इथे एकदाच हाताळलं आहे. काकांनी सांगितलेलं सगळं इथेही तसंच तपासतात. आकडे इंचात असतात एवढाच फरक. पुढे-मागे सरकणं दोन हजारांश इंचापर्यंत, म्हणजे साधारण ०.०५ मिमी, उत्तम. चार-पाच हजारांशाच्या पुढे, म्हणजे ०.१० ते ०.१३ मिमीच्या वर, दुरुस्ती. नळीची फट ०.१० ते ०.२० मिमी असली की कोणी तक्रार करत नाही. ०.२५ ला विचार करायला लागतात.

एक सवय सांगावीशी वाटते. सिनेमात बाजूला उघडणारं रिव्हॉल्व्हर मनगटाला झटका देऊन फटकन बंद करतात. त्याने सिलिंडर धरणारा आडवा हात वाकतो. मी गेल्या वर्षी एक देखणं कोल्ट बघायला गेलो होतो, पोलादावरची निळाई अगदी नव्यासारखी. सिलिंडर फिरवलं तर पंख्याच्या वाकड्या पात्यासारखं हेलकावत होतं. आधीच्या मालकाची ती सवय होती. मी घेतलं नाही.

आणि सगळ्या कंपन्यांना एकच मोजपट्टी लावू नये. जुन्या कोल्टमध्ये चाप दाबलेला असताना कुत्रा सिलिंडरला खिट्टीवर घट्ट रेटून धरतो, त्यामुळे ते तिजोरीसारखं बंद वाटतं. पण त्याच रेट्यामुळे कुत्रा लवकर झिजतो. स्मिथमध्ये थोडी हालचाल मुळातच ठेवलेली असते. कोल्टची सवय असलेला माणूस चांगल्या स्मिथलाही झिजलेलं म्हणेल.

---

परवानापाटी | २५ ऑगस्ट, सकाळी १०:१०

तांत्रिक बाजू काका सांगतच आहेत. कायद्याचं थोडक्यात. आपल्या हत्याराची साफसफाई करायला कोणाची परवानगी लागत नाही. पण दुरुस्तीचं काम ज्याच्याकडे शस्त्र कायदा १९५९ खालचा परवाना आहे त्याच्याकडेच करा. गावातला लेथवाला कितीही हुशार असला तरी नाही. त्यात तो अडकेल आणि तुम्हीही. कारागिराकडे ठेवून येणार असाल तर लेखी पावती घ्या, त्यावर हत्याराचा नंबर असू द्या.

आणि धागाकर्त्याच्या डीलरबद्दल एक. १९८० च्या दशकात परदेशी हत्यारांची सर्वसामान्यांसाठीची आयात बंद झाली. तेव्हापासून देशात असलेल्या जुन्या परदेशी रिव्हॉल्व्हरांना मोठी किंमत येते. "भंगार आहे, मला द्या" हे वाक्य ऐकलं की दुसऱ्या जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

---

सह्यखिंड (कुडाळ) | २७ ऑगस्ट, रात्री ९:१५

दोन दिवस घासत होतो. चांदणीखालून जे निघालं ते कागदावर जमा केलं, चमचाभर काळा भुगा. आईने बघून विचारलं, एवढं आत होतं?

फरक सांगतो. जडपणा पूर्ण गेला. आता सिलिंडर मोकळं फिरतं.

साफ करण्याआधीचा कागद: घर २ आणि घर ५ मागे राहत होती, तिन्ही वेळा. साफ केल्यानंतर: घर ५ तिन्ही वेळा बसलं. घर २ अजूनही मागे राहतं, तिन्ही वेळा. बाकी चार आधीही बसत होती, आताही बसतात.

फीलर गेज मित्राच्या गॅरेजमधून आणलं. सिलिंडर पुढे दाबून फट ०.१०. मागे दाबून ०.२५. म्हणजे फरक ०.१५, बरोबर ना?

घोडा पूर्ण ओढून त्यावर अंगठ्याने पुढे दाबूनही पाहिलं (हे दुसरीकडे वाचलं होतं). सुटत नाही, घट्ट आहे.

नळीतून टॉर्च मारून पाहिलं. पेच (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचा) दिसतात, पण मधे मधे काळे बारीक खड्डे आहेत.

---

खडकीकर_आर्मरर | २७ ऑगस्ट, रात्री ११:४०

शाबास. असा कागद माझ्या शिकाऊ पोरांनी दिला असता तर मी त्यांना चहा पाजला असता.

तर निदान. जडपणा आणि घर ५ ही घाण होती. कुत्रा ठीक आहे. घर २ चा दाता झिजलेला किंवा ठेचलेला आहे, भिंगातून बघा, शेजारच्या दात्यांपेक्षा त्याची कड गोल दिसेल. घोडा दाबून सुटत नाही, म्हणजे घोड्याची आणि चापाची अडकणारी कड शाबूत आहे. ती चाचणी तुम्ही केलीत ते फार बरं झालं. "चाप हलका करून देतो" म्हणून ती कड घासून ठेवणारे कारागीर असतात, आणि मग ओढलेला घोडा नुसत्या धक्क्याने पडतो.

नळीतले खड्डे जुन्या काडतुसांचे. पूर्वी काडतुसाच्या टोपीत (चोच आपटली की पेटतो तो तळाचा भाग) पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून जो क्षार उरतो तो मिठासारखाच हवेतली ओल ओढतो. तो तेलाने जात नाही, पाण्याने जातो. म्हणून आधीच्या पिढीतले शिपाई नळीतून आधी उकळतं पाणी सोडत आणि मग तेल लावत. फक्त तेल लावणाऱ्याची नळी तेलाखाली गंजत राहायची. खड्डे आहेत म्हणून नळी बाद होत नाही. मला एक वेगळी गोष्ट हवी आहे: आत कुठे पूर्ण गोल, अंगठीसारखी काळी सावली दिसते का? आणि त्याच जागी नळीवर बाहेरून बोट फिरवलं तर फुगवटा लागतो का? असेल तर कधीतरी अर्ध्यात अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडली गेली आहे आणि मग ती नळी संपली.

०.१५ ही टकटक मात्र जास्त आहे, आणि ती मला कोड्यात टाकते. घरात पडून राहिलेलं, फार न वापरलेलं रिव्हॉल्व्हर, .३२ सारखं मवाळ काडतूस, आणि तरी इतकी हालचाल? तुमच्याकडे बाबांची काडतुसं असतील. एक बाहेर काढून पितळी नळकांडं किती लांब आहे ते मोजा. आणि तळाची कड कशी आहे ते सांगा.

---

सह्यखिंड (कुडाळ) | २८ ऑगस्ट, सकाळी ८:५०

अंगठीसारखी सावली नाही, फुगवटाही नाही.

डब्यात दोन प्रकारची काडतुसं आहेत, हे मी आजवर कधी नीट बघितलंच नव्हतं. काही लांब, पितळ साधारण २३ मिमी, तळाची कड बाहेर आलेली, गोळी शिशाची. बाकी जास्त आहेत ती आखूड, पितळ १७ मिमी, तळाच्या वर एक खाच कापल्यासारखी, गोळीवर तांबूस आवरण. दोन्हीही घरात जातात. डब्यावर बाबांच्या अक्षरात फक्त ".३२" लिहिलंय.

---

खडकीकर_आर्मरर | २८ ऑगस्ट, सकाळी ९:२०

आखूड काडतुसं आत्ताच्या आत्ता वेगळी करा. ती पिस्तुलाची आहेत.

आपल्याकडे दोन्हींना ".३२" म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. रिव्हॉल्व्हरचं काडतूस म्हणजे ७.६५ बाय २३. पिस्तुलाचं ७.६५ बाय १७. व्यास जवळजवळ सारखा, आणि पिस्तुलाच्या काडतुसाची तळाची कड अगदी थोडी बाहेर असते, तेवढ्यावर ते रिव्हॉल्व्हरच्या घरात टिकतं आणि फुटतंही. वापरणाऱ्याला वाटतं जमलं.

---

ऑस्टिनकर | २८ ऑगस्ट, सकाळी ९:५५

दाबाचे आकडे देतो, म्हणजे फरक किती ते लक्षात येईल. अमेरिकन मानकानुसार .३२ रिव्हॉल्व्हर लाँग काडतुसाची कमाल मर्यादा चौरस इंचाला १५,००० पौंड, पिस्तुलाच्या .३२ ची २०,५००. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त. नव्या दणकट फ्रेमला कदाचित काही होणार नाही, पण मधून मोडणाऱ्या जुन्या फ्रेमला प्रत्येक बाराला हा जादा ठोसा बसतो. सिलिंडर मागे आपटतं, पुढे आपटतं. बिजागरी आणि वरची खिट्टी यांच्यावरही तोच ताण.

हाच प्रकार इथे .४५५ च्या मोठ्या वेब्लीचा झालाय. सिलिंडर मागून घासून त्यात .४५ ची पिस्तुलाची काडतुसं चालवायची पद्धत पडली होती. लोक अजून म्हणतात, माझ्याकडे तर काही झालं नाही.

---

सह्यखिंड (कुडाळ) | २८ ऑगस्ट, रात्री १०:०५

आज आईला विचारलं. तिला एवढंच आठवतं की बाबा एकदा म्हणाले होते, "लांबवाली मिळत नाहीत, दुकानदाराने ही दिली, चालतात म्हणाला." बाबांनी पन्नासेक बार काढले असतील, नारळाच्या बागेत माकडं आणि डुकरं हाकलायला, हवेत.

बाबा फार काळजीवाले होते. हेल्मेटशिवाय गाडीला किक मारायचे नाहीत. त्यांना कोणी नीट सांगितलं असतं तर त्यांनी एकही वापरलं नसतं.

---

नेमबाज_सांगली | २९ ऑगस्ट, सकाळी ६:५०

तुमच्या बाबांची चूक नाही हो. डब्यावर .३२, परवान्यावर .३२, दुकानदार हो म्हणतोय. कोणीही घेतलं असतं. मी रेंजवर नवीन येणाऱ्या प्रत्येकाला आता पहिल्यांदा पितळाची लांबी मोजायला लावते, ती सवय मलाही अशाच एका प्रसंगानंतर लागली.

उरलेली काडतुसं घरात ठेवू नका. तुमच्या रिव्हॉल्व्हरची ती नाहीत. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करून पावती घ्या. लांबवालीही जुनी आहेत, तीही वापरू नका.

---

खडकीकर_आर्मरर | २९ ऑगस्ट, दुपारी २:३०

ताईंशी सहमत. टकटक पन्नास बारांनीच झाली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण कारणांत ते आहे.

आता कारागिराकडे जाताना काय सांगायचं ते लिहितो. पुढे-मागे हालचाल ०.१५ आहे, ती कमी करायची. वरच्या खिट्टीचा ढिलेपणा बघायचा. घर २ चा दाता दाखवायचा, पण त्याला लगेच हात लावू द्यायचा नाही, आधी तो काय करणार हे विचारायचं. "कुत्रा ठोकून लांब करतो" म्हणाला तर नको म्हणा. ठोकून कुत्रा लांब होतो, घर २ काही दिवस बसेलही, पण जी पाच घरं आत्ता बरोबर चालतात त्यांना तो जास्त रेटेल. एका आजाऱ्यासाठी पाच धडधाकटांना औषध पाजल्यासारखं. चांदणीवर वेल्डिंगची भर घालून दाता पुन्हा कोरता येतो, पण ते काम हाताने आणि धीराने करणारा माणूस हवा. नवी चांदणी मिळेल ही आशा धरू नका. मूळ वेब्ली कंपनीने १९७९ मध्येच बंदुका बनवणं थांबवलं. कानपूरच्या लघुशस्त्र कारखान्याचं .३२ वेब्लीच्याच बनावटीवर बेतलेलं आहे, म्हणून त्याचे भाग सरळ बसतील असंही कोणी सांगेल. मापं घेतल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

---

सह्यखिंड (कुडाळ) | २१ सप्टेंबर, रात्री ८:४५

उशिरा लिहितोय, गणपती होते.

कोल्हापूरकडच्या एका परवानाधारक कारागिरांकडे जाऊन आलो. सत्तरीचे आहेत. मी कागद दाखवला तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, हे कोणी शिकवलं? काकांचं नाव तर मलाही माहीत नाही, खडकीचे एक आर्मरर एवढंच सांगितलं.

त्यांनी सिलिंडरच्या पुढे पातळ पोलादी वॉशर बसवलं. आता हालचाल ०.०४. फट पुढे दाबून ०.२१, मागे ०.२५. वरच्या खिट्टीची स्प्रिंग थकली होती, ती बदलली. नळीचा वर-खाली ढिलेपणा गेला.

दात्याबद्दल ते म्हणाले, भर घालून कोरेन, पण घाई करणार नाही, दिवाळीनंतर आणा. तोपर्यंत यात काडतूस घालू नका. मी म्हटलं, नाहीच घालणार.

आखूड आणि लांब सगळी काडतुसं जमा केली, पावती घेतली.

---

ऑस्टिनकर | २१ सप्टेंबर, रात्री ९:३०

फार छान. फट ०.२५ जरा मोठी राहिली, थोडा धूर आणि वेग बाजूने जाईल. टकटक जाणं जास्त महत्त्वाचं होतं.

---

खडकीकर_आर्मरर | २१ सप्टेंबर, रात्री १०:२०

वॉशर पुढे बसवलं म्हणून मागे दाबून मोजलेली फट तेवढीच राहिली आणि पुढे दाबून मोजलेली वाढली, हे बरोबर आहे. हा सौदा मला मान्य आहे. कारागीर जाणता वाटतो. "दिवाळीनंतर आणा" म्हणणाऱ्याकडेच द्यावं.

दाता झाल्यावर पुन्हा सहाही घरं तीन-तीनदा, सावकाश. मग नवी २३ मिमीची काडतुसं आणि अधिकृत रेंज. पहिल्या बारांनंतर प्रत्येक रिकामं पितळ बघा. टोपीवर चोचेचा ठसा मधोमध हवा. एका बाजूला पडला असेल तर ते घर अजून नळीसमोर येत नाहीये. बार काढला आणि फुटला नाही तर नळी निशाणाकडेच धरून निदान तीस सेकंद थांबा. आवाज दबका आला तर तिथेच थांबा, नळीतून बघितल्याशिवाय दुसरा नाही.

आजचे आकडे तारखेसह लिहून ठेवा. दर वर्षी याच दिवसांत मोजा. ०.०४ चा ०.०८ झाला तर मला इथे कळवा.

---

सह्यखिंड (कुडाळ) | २१ सप्टेंबर, रात्री १०:५८

लिहिलं, काका. आजोबांची एक वही सापडली, त्यात त्यांनी १९५८ पासून काडतुसं किती घेतली, किती उरली ते मांडलंय. त्याच पानाखाली आजची तारीख आणि सहा घरांचे निकाल उतरवले. घर २ पुढे जागा रिकामी ठेवली आहे.

म्यान फेकलं नाही, वेगळं ठेवलं. रिव्हॉल्व्हर आता सुती कापडात आहे, डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. दसऱ्याला पाटावर तसंच ठेवीन.